पोटखराबातल्या 'जी'स खुले पत्र

एचएएल सेकंड स्टेज,
इंदिरानगर, बंगळूर

तीर्थस्वरूप जी यास,



यातलं 'जी' आदरार्थी नाही, तुझं नावच तेवढं आहे. तीर्थस्वरूप मात्र मनापासून लिहिलंय. आमच्या कुळवृत्तांतात ज्यांच्यापासून सुरुवात होते त्या खापरपणजोबांपेक्षाही तू वडील, आणि त्यांच्या खापरपणजोबांपेक्षाही वडील. त्यांची जमीन गेली, वाडा गेला, तांब्याची भांडी आत्याच्या सासरी गेली. वडिलोपार्जित म्हणून आमच्यापर्यंत धड पोचलं असं काही असेल, तर तो तू.

वाचकांना तुझी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर त्यांना वाटेल बाई एखाद्या मंत्र्याला लिहिते आहे. माणसाच्या पेशीत डीएनएच्या दोन पोथ्या असतात, एक आईकडची, एक बाबांकडची. एकेक पोथी तीन अब्ज अक्षरांची, आणि अक्षरं मोजून चार: ए, टी, सी, जी. त्यात आठव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, २४ क्रमांकाच्या पट्ट्यात एक जागा अशी आहे, की तिथं काहींच्या पोथीत टी असतो आणि काहींच्या पोथीत तू. नोंदणी क्रमांक आरएस ६९८३२६७. आमच्या आरटीओच्या केए-०३ गाड्यांनासुद्धा याहून सुटसुटीत नंबर मिळतो.

पत्ता ऐटीचा आहे, पण वस्ती कसली? प्रथिनाची कृती सांगणारं धड जनुक जवळपास नाही. शास्त्रज्ञ अशा जागेला वाळवंट म्हणतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर त्याला फार जुना शब्द आहे: पोटखराब. जिथं नांगर चालत नाही, पीक येत नाही आणि वाटणीच्या वेळी भाऊही ज्यावरून भांडत नाहीत, ती जमीन. पोथीतली शंभरातली जेमतेम दीड-दोन अक्षरं प्रथिनं बनवायच्या कामी येतात, उरलेल्या पसाऱ्याला जाणकार मंडळीही बरीच वर्षं कचराच म्हणत होती. त्या कचऱ्यात बसून तू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं खातं सांभाळतोस. पोटखराब हा शब्द महसूल खात्यानं तुलाच डोळ्यांपुढं ठेवून काढला असावा.

आता तक्रार.

तीन वर्षांपूर्वी माझ्या दादाला आतड्याचा कर्करोग निघाला. वय ४४. दारू नाही, सिगारेट नाही, रोज पहाटे हलसूरच्या तळ्यापर्यंत फेरी. ऑपरेशन झालं, केमो झाली, आज तो बरा आहे आणि डोशावर पूर्वीसारखंच जास्तीचं लोणी मागतो. पण ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी आमच्या हॉलमध्ये जे कोर्ट बसलं, ते काही उठेना. फिर्यादी आत्या. बेळगावहून कुंद्याचा डबा घेऊन आलेली. डबा टीपॉयवर टेकायच्या आत तिनं सांगून टाकलं, "आमच्यात असलं कुणाला काय नव्हतं बघ." मग कुणाच्यात होतं, हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही. संध्याकाळी मिरजेहून मामाचा फोन. त्यानं बाबांच्या एका काकांना उकरून काढलं, जे म्हणे पोटात गोळा येऊन गेले होते. आत्यानं उत्तरादाखल आईच्या आजीला उभं केलं, ती रक्ती आव होऊन गेली होती. साठ-साठ वर्षांपूर्वी गेलेली माणसं एकेक करून साक्षीला आली. दाखला कुणाचाच नाही. त्या काळी माणसं पोटदुखीनं जात, तापानं जात, हाय खाऊन जात. कॅन्सरनं कुणी गेलंच, तर ते उंबऱ्याबाहेर बोलायचं नसे.

आई या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. पुढं काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की ती माहेरचं काही बोलेनाशीच झाली आहे. मिरजेच्या घरची विहीर, दर्ग्यातल्या गाण्याच्या रात्री, आजीचे डिंकाचे लाडू, हे सगळे विषय बंद. लाडूसुद्धा त्या थंडीत झाले नाहीत. तू तेव्हा तिच्या प्रत्येक पेशीत हजर होतास. पण एका अक्षराकडून किती अपेक्षा करायच्या!

डॉक्टरांनी रीतसर चौकशी केली. या रोगाचे जे नामांकित घरंदाज गुन्हेगार आहेत, एपीसी, एमएलएच-१, एमएसएच-२ वगैरे जनुकं, ती दादाच्या रक्तात तपासली. त्यातलं एखादं मोडकं निघालं असतं तर हिशेब सरळ होता: जनुक मोडकं, प्रथिन मोडकं, धोका मोठा. सगळी शाबूत निघाली. आईनं तो कागद बारावीच्या निकालासारखा देवापुढं ठेवला. मग गेल्या भाऊबीजेला दादानं मला ओवाळणीत थुंकीच्या चाचणीचं पाकीट घातलं, एक स्वतःसाठीही आणलं. पूर्वी साडी मिळायची. आता आम्ही दोघं पाटावर बसून नळीत थुंकलो.

महिन्याभरानं चाळीस पानी गुळगुळीत अहवाल आला. त्यात केस कधी गळतील, कॉफी किती पचेल, आणि मध्येच एका पानावर लाल अक्षरांत तू. 'वाढीव धोका.' खाली आहारसल्ल्यावर सवलतीचं कूपन. दादाच्या दोन्ही पोथ्यांत तू, माझ्याही दोन्ही पोथ्यांत तू. जी जी. शाहिरामागं झीलकरी उभे राहून म्हणतात, अगदी तसं.

आणि ही कोटी नाही बरं का. तुझा धंदाच तो आहे. झीलकरी पोवाडा रचत नाही, सांगत नाही, फक्त शाहिराचा स्वर वरच्यावर उचलून धरतो. तुझा शाहीर म्हणजे मिक नावाचं जनुक, तुझ्यापासून ३ लाख ३५ हजार अक्षरांवर. पेशीला 'वाढ, दुप्पट हो' हे सांगणं त्याचं काम. गाणं वाईट नाही. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत झिजून नवं होतं, ते असल्या गाण्यावरच. पण इतक्या लांबून तुझा सूर पोचतो कसा? डीएनए म्हणजे कपडे वाळत घालायची ताणलेली दोरी नव्हे. नऊवारीच्या निऱ्या केल्या की हात-हात अंतरावरचे दोन ठिपके एकमेकांना लागतात, तसा तो धागा घडी पडून तुला नेमका मिकच्या उंबऱ्याशी आणून ठेवतो. तिथं टीसीएफ नावाचं प्रथिन बाहेरून 'वाढा' असा निरोप आला की येऊन बसतं. जागेवर टी असला तर बसतं न बसतं. तू असलास तर मांडी ठोकून बसतं. मिकचा आवाज थोडा चढतो.

थोडाच. इंदिरानगरात राहणाऱ्याला 'थोडाच' म्हणजे किती, हे सांगावं लागत नाही. हंड्रेड फीट रोडवरच्या पबांच्या आवाजापायी इथले रहिवासी कोर्टापर्यंत जाऊन आलेत. पबवाल्याचंही म्हणणं तेच असतं, गाणं तेच आहे हो, बटण थोडंसंच फिरवलंय. एका रात्रीचं काही वाटत नाही. रोजचं झालं की माणसाचं डोकं फिरतं. आणि पेशींचं असं, की एखादीत एपीसी हे जनुक म्हातारपणाकडे जाताना आपसूक मोडतं, या कर्करोगात बहुतेक ठिकाणी ते मोडलेलं असतंच. एपीसी म्हणजे 'वाढा'चा निरोप वेळेवर बंद करणारा हवालदार. हवालदार गेला की निरोप चोवीस तास सुरू, टीसीएफ चोवीस तास कामावर, आणि मग तुझ्या त्या थोड्याशा बटणाला भलताच भाव येतो. हेलसिंकीच्या मंडळींना तर असंही दिसलं, की ज्यांच्याकडे एक टी आणि एक तू आहे, त्यांच्या गाठीत जास्तीच्या प्रती निघतात त्या बऱ्याचदा तुझ्या. गाठीलासुद्धा माणसं पारखता येतात.

तुझी तक्रार घेऊन पोलिसात गेलं तर ते आधी विचारतील, साक्षीदार कोण? आणि इथं तू खरा मुरलेला निघतोस. २००७ साली तीन वेगवेगळ्या गटांनी हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी माणसं यांच्या पोथ्या ताडून पाहिल्या, तेव्हा रुग्णांत तू जरा जास्त सापडलास. दर प्रतीमागं धोका साधारण पंचमांशानं वाढलेला. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगातही तुझंच नाव. २००९ मध्ये बोस्टन आणि हेलसिंकीच्या प्रयोगशाळांनी टीसीएफची बैठक आणि मिककडे जाणारी घडी दाखवली. आता बेड्या पडणार, तोच माणसांच्या आतड्याच्या तुकड्यांत मिकचा आवाज मोजला गेला. तू असलेल्यांत आणि नसलेल्यांत फरक दिसेना! मी तिथं नव्हतोच साहेब, म्हणून तू मोकळा. फरक असेल तर तो इतका बारीक, की पेशींच्या गर्दीत हरवून जावा. तो बहुधा काही मोजक्या पेशींत, एखाद्या घटकेलाच घडत असावा. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लोकांनी मग दुसरी युक्ती केली. उंदरांच्या पोथीतून तुझी ती पोटखराब जागाच कापून टाकली, २०१२ साली ते छापून आलं. उंदीर ठणठणीत. खातात, पितात, पिल्लं घालतात. ज्या उंदरांना आतड्यात गाठी येणार हे ठरलेलंच होतं, त्यांना मात्र त्या पुष्कळ कमी आल्या. म्हणजे ज्या जागेवर तू इतकी शतकं ठाण मांडून बसलास, तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. माझ्या माहितीत अशा पदावरची बरीच माणसं आहेत, पण त्यांचं इतकं निर्विवाद सिद्ध झालेलं नाही.

तुझ्या टोळीतले बाकीचेही याच पंथाचे. एमडीएम-२ या जनुकाच्या दारातला ३०९ क्रमांकाचा गडी २००४ साली पकडला गेला, आणि तिथंही टीच्या जागी जी! त्यानं दारातलं बटण फिरवलं की पी-५३ हा पेशीतला सर्वांत कडक राखणदार ढिला पडतो. ज्या घराण्यांत पी-५३ आधीच एका बाजूनं मोडका आहे, तिथं याच्यामुळं कर्करोग सरासरी नऊ वर्षं आधी आलेला दिसला. नऊ वर्षं, एका अक्षरापायी. स्तनांच्या कर्करोगात एफजीएफआर-२ च्या पोटात दडलेला एक आहे, आणि त्या रोगाच्या यादीत आता अशा दोनशेहून जास्त जागा आहेत. पित्ताशयाच्या कर्करोगाचा माग मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी २०१७ साली सातव्या गुणसूत्रावर एबीसीबी-१ आणि एबीसीबी-४ या जनुकांपाशी लावला. तुम्हा लोकांच्या मागावर मराठी माणसं आजची नाहीत हेही ऐकून ठेव. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल रणदिवे परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या वंशावळी जपत स्तनांचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा धागा धुंडाळत होत्या, तेव्हा एक अक्षर वाचायचीसुद्धा सोय नव्हती. तेव्हा तू निवांत होतास.

एक माणूस मात्र तुझ्या फार जवळून गेला, आणि त्याला तुझा पत्ताही नव्हता. डेनिस बर्किट हे आयरिश सर्जन युगांडात काम करत. लहान मुलांच्या जबड्यात येणाऱ्या एका भयंकर गाठीचं वर्णन त्यांनी १९५८ साली छापलं. चोवीस वर्षांनी उलगडा झाला, की त्या गाठीत आठव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून चौदाव्याला जोडला जातो आणि मिक, तुझाच शाहीर, भलत्याच झीलकऱ्याच्या पुढ्यात जाऊन पडतो. त्याचा आवाज मग थोडा वगैरे चढत नाही, कानठळ्या बसतात. हेच बर्किट पुढं १९७१ साली सांगू लागले, की आफ्रिकेच्या खेड्यांत आतड्याचा कर्करोग विरळा आहे, तो तिथल्या चोथायुक्त जेवणामुळं. आता गंमत बघ. आफ्रिकेत बहुतेकांच्या पोथीत तू आहेस, युरोपात निम्म्या पोथ्यांत. जिथं तू सर्वांत जास्त, तिथं तुझा रोग कमी! आणि तीच माणसं, गुलाम करून नेलेल्यांचे वंशज, अमेरिकेत हा रोग भरपूर भोगतात. अक्षर तेच, फक्त ताट बदललं आणि मुलूख बदलला. मग तुला फाशी द्यायची ती कशाच्या बळावर?

त्यातून तू घुसखोर नाहीसच. मूळचा तूच, टी नंतर आलेला. 'इथले कोण आणि बाहेरचे कोण' हा वाद बंगळुरात निघाला की आम्ही मराठी मंडळी शहाजीराजांच्या १६३८ च्या जहागिरीचा दाखला काढतो. तू तर माकडांपर्यंतचा दाखला देशील. म्हणजे लाल शाईत छापलेलं ते 'वाढीव' जरा उलटं वाचायला हवं. वाढवलं तू काहीच नाहीस, टीवाल्यांना थोडी सूट मिळाली आहे. पण सूट मिळालेल्यांना कोण कूपन विकत घ्यायला लावणार!

अहवाल आला त्या रात्री मी आईला कागदावर काढून दाखवलं. दादाकडे दोन जी. एक पोथी आईकडून, एक बाबांकडून. म्हणजे एक जी मिरजेचा, एक जी बेळगावचा. त्याशिवाय हे गणित जमतच नाही. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"यानं झालं का त्याला?"

"नाही. यानं फार तर दीडपटीच्या आसपास जातं. आणि आपल्याकडे मुळातच हा रोग गोऱ्या लोकांपेक्षा कमी. असले दोनशेच्या आसपास आहेत, कुठले कुठले जमले असतील, शिवाय नशीब."

"पण दोघांकडून आलं, हे नक्की?"

"नक्की."

"मग आत्याला फोन लाव," आई म्हणाली. "आणि स्पीकरवर टाक."

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जी म्हणजे काय ते मला कळत नाही बाई. पण आमच्यातलं बी आहे म्हण की." तेवढ्यावर कोर्ट उठलं. जानेवारीत डिंकाचे लाडू झाले. या एका बाबतीत तुझे आभार मानायला हवेत, म्हणून मानते.

तुझी चौकशी आता माझ्याच शहरातून चालू आहे. भारतीय विज्ञान संस्था, जिला इथले जुने लोक आणि बसचे कंडक्टर आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात, तिच्या आवारातल्या मेंदू संशोधन केंद्राच्या पुढाकारानं २०२० साली जीनोम इंडिया हा प्रकल्प सुरू झाला. ८३ समाजगटांतल्या ९,७७२ भारतीयांच्या पोथ्या वाचून झाल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. आजवर तुझा हिशेब मुख्यतः युरोपी वंशाच्या माणसांवरून मांडला गेला. माझ्या अहवालातला तो लाल आकडाही तिथलाच, फक्त खाली माझं नाव छापलेलं. बेळगावच्या आणि मिरजेच्या पोटात तू नेमका किती आवाज चढवतोस, हे सांगायला आतड्यातला मिकसुद्धा इथल्याच माणसांचा मोजावा लागेल. तेवढं काम बाकी आहे.

आणि माझंही एक काम बाकी होतं. दादाचं निदान झालं त्याच आठवड्यात डॉक्टर मला म्हणाले होते, "भावाच्या वयातून दहा वजा करा आणि त्या वयाला आतड्याची दुर्बीण तपासणी करून घ्या." चव्वेचाळीस वजा दहा, चौतीस. मी तेव्हा ३८ची होते, आता ४१ची आहे. त्यांनी ही बेरीज-वजाबाकी तुझं नाव न घेता केली होती. सख्ख्या भावाला इतक्या लवकर झाला, एवढंच त्यांना पुरेसं होतं. मी मात्र तीन वर्षं वंशावळी चाळल्या, नळीत थुंकले, तुझ्यावर सापडेल ते वाचून काढलं, आणि एक फोन करून तारीख घेतली नाही. तेव्हा आरोपी क्रमांक एक म्हणून तुझं नाव घालताना हात जरा अडखळतो.

इंदिरानगरात भाडेकरूकडून दहा महिन्यांचं डिपॉझिट आगाऊ घेतात. तू दमडी न देता दोन्ही मजल्यांवर राहतोस, आणि तुला काढायला कायदा नाही. पण घरमालकिणीला घर आतून बघायचा हक्क असतो. गुरुवारी सकाळी साडेसातची वेळ मिळाली आहे. बुधवारी संध्याकाळी दोन लिटर पाण्यात कालवलेली ती पावडर प्यायची आहे. आत्या सोबतीला येते आहे, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. कुंदा आणू नकोस म्हणून सांगितलंय, पण आणेलच.

तुझी,
घरमालकीण